शाळेचा टॅबलेट घरच्या बिनतारी जाळ्यास जोडणे



खेड्यांतील पुष्कळ प्राथमिक शाळांत आता एखाद-दुसरा टॅबलेट आढळतो. कोठे तो लोकवर्गणीतून घेतलेला असतो, कोठे एखाद्या संस्थेने दिलेला असतो, तर कोठे मुंबई-पुण्यास नोकरीला गेलेला गावचाच माजी विद्यार्थी तो आणून देतो. शाळेत इंटरनेटची जोडणी असतेच असे नाही. म्हणून कित्येक शिक्षक हा टॅबलेट शनिवारी घरी नेतात, घरच्या वाय-फायला जोडून ‘दीक्षा’वरील पाठ व बालभारतीची पुस्तके त्यात उतरवून घेतात आणि सोमवारी वर्गात मुलांपुढे ठेवतात. ही रीत उत्तम आहे. एकदा उतरवून घेतलेल्या पाठास शाळेत जोडणीची आवश्यकता राहत नाही. (टॅबलेट घरी नेताना नोंदवहीत नेल्याचा व परत आणल्याचा दिनांक लिहावा, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. ती शाळेची वस्तू आहे.) परंतु या साऱ्या खटाटोपाचा भार एका लहानशा क्रियेवर असतो. टॅबलेट घरच्या बिनतारी जाळ्यास जोडला गेला तर पुढचे सर्व होते. न जोडला गेला तर काहीच होत नाही.

ही क्रिया सोपी आहे, हे खरे. पण ज्या दिवशी ती साधत नाही त्या दिवशी काय करावे, हे ठाऊक नसल्याने केवढे नुकसान होते, याचा अनुभव मला स्वतःच्याच चुकीतून आला आहे. तो प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी डोंगराळ भागातील एका द्विशिक्षकी शाळेस मी भेट दिली. शाळेला गावकऱ्यांनी नुकताच टॅबलेट घेऊन दिला होता. गुरुजींनी तो तालुक्याच्या गावी आपल्या घरी नेला. घरी नवीच फायबरची जोडणी होती. त्यांचा स्वतःचा मोबाइल त्या वाय-फायवर उत्तम चाले. मात्र टॅबलेटच्या पडद्यावर शेजारच्या तीन-चार घरांच्या जाळ्यांची नावे दिसत आणि स्वतःच्या घरचे नाव तेवढे दिसत नसे. त्यांनी दोन रविवार खटपट केली व टॅबलेट सदोष आहे असे मला सांगितले. मीही फारसा विचार न करता शेरेबहीत ‘टॅबलेट नादुरुस्त, उपयोगात नाही’ असा शेरा लिहून मोकळा झालो. अधिकाऱ्याचा शेरा म्हणजे शेवटचा शब्द, अशी आपल्याकडे समजूत आहे. टॅबलेट लोखंडी कपाटात गेला. ज्या गावकऱ्यांनी वर्गणी दिली होती, त्यांनी गुरुजींना चार शब्द सुनावले, ते वेगळेच.

आठ महिन्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो टॅबलेट परत करण्यासाठी आणला असता तेथील एक शिक्षिका म्हणाल्या, “साहेब, एकदा माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला लावून पाहू का?” त्यांनी लावला आणि तो तत्काळ जोडला गेला. टॅबलेटमध्ये काडीचाही दोष नव्हता. गुरुजींच्या घरच्या राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झचे जाळे चालू ठेवलेले होते आणि हा स्वस्तातला टॅबलेट केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखणारा होता. शेजाऱ्यांची जाळी दिसत होती, यावरूनच टॅबलेटचा ग्राहक सुस्थितीत आहे हे मला कळावयास हवे होते. कळले नाही. तोवर त्या वर्षीची चौथीची मुले त्या टॅबलेटला हातही न लावता पुढच्या गावच्या शाळेत निघून गेली होती.

तेव्हापासून ही क्रिया नीट समजून घेण्याचा मी प्रयत्न केला. त्यातील जे शिक्षकांस उपयोगी पडेल, ते पुढे देत आहे.

प्रथम ‘बिनतारी जाळे’ म्हणजे काय, ते पाहू. घराबाहेरून फायबरची तार, म्हणजे वस्तुतः केसाएवढा काचेचा तंतू, येऊन एका लहान पेटीस मिळतो. प्रकाशाच्या रूपाने येणारे संदेश ही पेटी विजेच्या संदेशांत बदलते आणि त्याच पेटीतील, वा तिला जोडलेल्या दुसऱ्या पेटीतील राउटर ते संदेश रेडिओ लहरींनी घरभर पसरवितो. मोबाइल, टॅबलेट, संगणक ही उपकरणे त्या लहरी झेलतात व आपले संदेशही लहरींनीच राउटरकडे धाडतात. राउटर हे घरापुरते, दुहेरी बोलणारे एक छोटे रेडिओ केंद्रच होय. या दळणवळणाचे ‘८०२.११’ नावाचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले, आणि ‘वाय-फाय’ हे नाव १९९९ साली रूढ झाले.

या लहरी नव्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात याहूनही आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. माझ्या पिढीच्या लोकांना आठवत असेल की, आपल्या लहानपणी घरी रेडिओ ठेवावयाचा तर त्याचा परवाना काढावा लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. आज घरोघर स्वतः लहरी सोडणारी यंत्रे बसली आहेत व त्यांना परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांस भारत सरकारने २००५ साली परवान्यातून सूट दिली, म्हणून हे शक्य झाले.

आता २.४ व ५ या अंकांचा अर्थ. लहरींचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर. त्यास कंपनसंख्येने भागले की लहरीची लांबी निघते. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटिमीटर. मुलांच्या कंपासपेटीतील पट्टीवर या दोन्ही लांब्या सहज दाखविता येतात. याउलट आकाशवाणीच्या मध्यम लहरी काही शे मीटर लांबीच्या असतात, हे सांगितले म्हणजे मुलांना मौज वाटते. साधारण नियम असा की, आखूड लहर अधिक माहिती वेगाने नेते, पण भिंतीतून जाताना लवकर थकते. लांब लहर सावकाश नेते, पण दूरवर पोहोचते. बहुतेक नवे राउटर दोन्ही प्रकारच्या लहरी सोडतात. कधी दोहोंचे नाव एकच असते, कधी ५ गिगाहर्ट्झच्या नावापुढे ‘५जी’ असे जोडलेले असते. या ‘५जी’चा मोबाइलच्या ‘फाइव्ह-जी’ सेवेशी काही संबंध नाही; नावाच्या सारखेपणाने पुष्कळांचा घोटाळा होतो. टॅबलेट कोणत्या लहरी ओळखतो, हे त्याच्या डब्यावर पाहावे. वाय-फायपुढे बी, जी, एन एवढीच अक्षरे असतील तर तो बहुधा २.४ पुरताच असतो. ए किंवा एसी ही अक्षरेही असतील तर ५ चालते. आपल्या शाळांत आलेल्या जुन्या व कमी किमतीच्या टॅबलेटांपैकी अनेक २.४ पुरतेच आहेत. तेव्हा घरी जोडणी बसविण्यास माणूस येईल त्याच वेळी ‘दोन्ही पट्टे चालू ठेवा’ असे त्यास सांगावे.

प्रत्यक्ष जोडणीची कृती थोडक्यात अशी. टॅबलेट किमान अर्धा भारित करून घ्यावा. ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन वाय-फायची कळ चालू करावी. थोड्या वेळात आसपासच्या जाळ्यांच्या नावांची यादी पडद्यावर येते. आपल्या घरच्या नावावर बोट ठेवावे व परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, लिहून ‘कनेक्ट’ करावे. नावापुढे ‘जोडले’ अशा अर्थाचा शब्द उमटला की झाले. एकदा जोडलेले जाळे टॅबलेट लक्षात ठेवतो. पुढच्या शनिवारी पुन्हा पासवर्ड विचारीत नाही.

येथे सर्वांत अधिक वेळ खर्च होतो तो पासवर्डात. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर तो बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि इंग्रजी मोठा ‘ओ’ व शून्य, लहान ‘एल’, मोठा ‘आय’ व एकाचा अंक, ‘एस’ व पाच यांत डोळा फसतो. लहान व मोठी इंग्रजी अक्षरे येथे भिन्न मानली जातात. शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली, तरी तोही एक वर्ण धरला जातो. कळफलक मराठीत असेल तर अंक देवनागरीत उमटण्याचा संभव असतो. तो इंग्रजी करून घ्यावा. पासवर्ड लिहिण्याच्या चौकटीलगत डोळ्याचे चिन्ह असते. त्यावर बोट ठेवल्यास लिहिलेली अक्षरे दिसतात. प्रथमच ते उघडून लिहावे, म्हणजे निम्मे कष्ट वाचतील. घरातील दुसरा मोबाइल आधीच जोडलेला असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. नव्या मोबाइलांत त्या जाळ्याच्या माहितीत ‘शेअर’ केले असता पाठ्यपुस्तकांतल्यासारखा क्यूआर कोड पडद्यावर येतो. टॅबलेटने तो टिपला की पासवर्ड लिहावाच लागत नाही. फार जुन्या टॅबलेटांत ही सोय नसते.

पासवर्ड जुळला तरी काम संपत नाही. यानंतर राउटर टॅबलेटला एक पत्ता देतो. हे मुलांना व कित्येक मोठ्यांनाही अवघड वाटते. पण शिक्षकांस ते समजण्यास अडचण पडू नये, कारण आपण जूनमध्ये हेच करतो. नवा मुलगा दाखल झाला की त्यास हजेरीपटावर क्रमांक मिळतो. त्या वर्गात तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा नसतो. परंतु प्रत्येक शाळेत ‘बारा नंबर’ असतोच. घरगुती जाळ्यातील पत्त्यांचे असेच आहे. ते बहुधा १९२.१६८ ने आरंभ होतात व तेच पत्ते लक्षावधी घरांत वापरले जातात. घराबाहेर ते चालत नाहीत. बाहेरच्या जगाशी राउटर आपल्या एका निराळ्या पत्त्याने बोलतो; जसे शाळेचे पत्र जावयाचे तर मुलाच्या हजेरी क्रमांकाने जात नाही, मुख्याध्यापकांच्या नावे जाते, आणि आलेले उत्तर कोणत्या मुलाचे हे शाळेत ठरते. हा क्रमांक कायमचा नसून काही काळापुरता असतो. मुदत संपली की तो पुन्हा घ्यावा लागतो. टॅबलेट व राउटर हे आपसांत करून घेतात, आपणांस काही करावे लागत नाही. मात्र पडद्यावर ‘पत्ता मिळवीत आहे’ अशा अर्थाची ओळ फार वेळ राहिली तर क्रमांक देण्यात अडचण आली, असे समजावे. राउटर बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू करावा. टॅबलेटमध्ये त्या जाळ्याच्या नावावर ‘विसरा’ करून पुन्हा नव्याने जोडावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. एखाद्या जाणत्या नातेवाइकाने टॅबलेटात पत्ता हाताने लिहून ठेवलेला असेल तर एका क्रमांकाची दोन मुले झाल्यासारखा गोंधळ उडतो. तेथे ‘आपोआप’ असाच पर्याय ठेवावा.

आता जो गैरसमज सर्वांत अधिक आढळतो, त्याकडे वळतो. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. टॅबलेट राउटरला जोडला गेला, एवढेच पहिल्या ओळीवरून कळते. राउटरपलीकडे मार्ग चालू आहे की नाही ही निराळी गोष्ट आहे. नळाला बादली लावली म्हणजे पाणी येतेच असे नाही. गावच्या टाकीत पाणी हवे आणि वाटेत नळी फुटलेली नसावी. ‘जोडले, परंतु इंटरनेट नाही’ असे टॅबलेट सांगतो, तेव्हा तो खरे बोलत असतो. त्या वेळी टॅबलेटशी झगडण्यात अर्थ नाही. पासवर्ड पुनःपुन्हा लिहिणे तर अगदी व्यर्थ होय, कारण पासवर्ड जुळल्यावाचून ही पायरी येतच नाही. उठून राउटरकडे जावे व त्याचे दिवे पाहावेत.

फायबरच्या पेटीवर ‘पॉवर’, ‘पॉन’ व ‘एल.ओ.एस.’ असे तीन दिवे महत्त्वाचे. पहिला वीज आल्याची खूण. ‘पॉन’चा दिवा स्थिर तेवत असला म्हणजे दुसऱ्या टोकाशी बोलणे चालू आहे. ‘एल.ओ.एस.’ तांबडा झाला तर काचतंतूतून प्रकाश येत नाही. रस्त्याच्या खोदकामात तो तुटला असेल, उंदरांनी कुरतडला असेल किंवा घरातच कोणी खिळ्याभोवती घट्ट वळवून टांगला असेल. काचेचा तंतू काटकोनात मोडू नये. मोठा सैल वेढा ठेवावा. आणि त्याचे उघडे टोक डोळ्यासमोर धरून ‘प्रकाश येतो का’ हे कोणी पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण अपाय करू शकतो. मुलांना हे बजावून सांगणे अवश्य आहे.

वीज गेली की राउटर बंद पडतो, टॅबलेट मात्र आपल्या बॅटरीवर चालत राहतो. म्हणून ‘टॅबलेट चालू आहे, मग वाय-फाय का नाही?’ असा प्रश्न विचारला जातो. भारनियमन असलेल्या गावी राउटरसाठी लहान बॅटरीचा जोड मिळतो. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते पाहून घ्यावे. बहुधा १२ असतात, पण ९ किंवा ५ चेही आढळतात, आणि टोक सारखेच असल्याने ते एकमेकांत बसतात. बसते म्हणून लावू नये. वळिवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा. काचतंतूतून वीज येत नाही. ती येते या अडॅप्टरच्या वाटेने.

राउटर ठेवण्याच्या जागेविषयी दोन शब्द. आपल्याकडे मौल्यवान वस्तू कपाटात ठेवण्याची पद्धत आहे, आणि मी राउटर लोखंडी कपाटात, वर कुलूप लावून ठेवलेला पाहिला आहे. धातू या लहरी परत फेकतो. पत्र्याचे छप्पर, पत्र्याची पडदी, लोखंडी पिंप यांच्याआड लहर कशीबशी पोहोचते. जुन्या वाड्यांतील हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंतीही तिला बऱ्याच अंशी गिळतात. पाण्याने भरलेली टाकी तशीच. राउटर घराच्या साधारण मध्यभागी, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मोकळ्या फळीवर असावा. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह भट्टी असेल तर तिच्याही लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या जवळच्याच असतात. ती चालू असताना जाळे मंदावते. टॅबलेट जोडावयाचा पहिला प्रयत्न नेहमी राउटरच्या खोलीतच करावा. तेथे साधले व दूरच्या खोलीत साधले नाही, तर दोष अंतराचा. जवळही साधले नाही, तर अन्य कारण शोधावे. एवढ्या एका परीक्षेने पुष्कळ धावपळ वाचते.

माझ्या त्या कथेतील टॅबलेटची हकीकत येथे पुरी करतो. शिक्षिकाबाईंच्या मोबाइलला तो जोडला गेला खरा, पण ‘दीक्षा’ उघडेना. सर्वांचे चेहरे पुन्हा पडले. मग कोणाचे तरी लक्ष पडद्यावरील दिनांकाकडे गेले. आठ महिने कपाटात राहून बॅटरी पूर्ण उतरली होती आणि टॅबलेटचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवितात व त्यावर ते कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. टॅबलेटच्या मते तो दिनांक अद्याप उजाडलाच नव्हता. सबब त्याने ते नाकारले. दिनांक व वेळ दुरुस्त करताच सर्व उघडले. म्हणून सुटीनंतर कपाटातून टॅबलेट काढला की तो भारित करून प्रथम दिनांक पाहावा.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. जोडला जाताच टॅबलेट आपली आठ महिन्यांची राहिलेली अद्ययावतने उतरवून घेऊ लागला आणि बाईंच्या मोबाइलचा त्या दिवसाचा डेटा संपला. बाई हसल्या, परंतु तो पैसा त्यांचा होता. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावयाचा असेल तर टॅबलेटच्या त्या जाळ्याच्या माहितीत ‘मर्यादित’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा, म्हणजे मोठी अद्ययावतने थांबून राहतात. ती घरच्या फायबरवर, रात्री टॅबलेट भारित होत असताना होऊ द्यावीत.

सुरक्षिततेविषयी मी शिक्षकांस विशेष सांगू इच्छितो. शाळेच्या टॅबलेटवर मुलांची नावे, जन्मदिनांक, पालकांचे क्रमांक, छायाचित्रे असतात. ती माहिती आपल्या विश्वासावर पालकांनी दिलेली असते. घरच्या जाळ्याचा पासवर्ड शेजाऱ्यापाजाऱ्यांस सर्रास देणे, तो भिंतीवर लिहून ठेवणे, हे सौजन्य वाटले तरी योग्य नव्हे. त्या जोडणीवरून काही गैरप्रकार घडला तर चौकशी प्रथम ज्याच्या नावे जोडणी आहे त्याच्याकडेच येते. पाहुण्यांस द्यावयाचेच असेल तर बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी निराळे जाळे करण्याची सोय असते. राउटरच्या मांडणीत शिरण्याचा पासवर्ड हा जाळ्याच्या पासवर्डाहून निराळा असतो. कारखान्यातून आलेला तो शब्द सर्वत्र सारखाच असू शकतो, तेव्हा बसविणाऱ्याकडून तोही बदलून घ्यावा. सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यू.पी.ए. २’ किंवा २०१८ साली आलेला ‘डब्ल्यू.पी.ए. ३’ असावा. जुना ‘डब्ल्यू.ई.पी.’ हा प्रकार सहज फोडता येतो. तो कोठे आढळला तर बदलावा. मात्र केवळ तिसराच प्रकार ठेवला तर जुने टॅबलेट जोडले जात नाहीत. दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय घ्यावा.

पासवर्ड लांब का असावा, हे पाचवीच्या मुलांना एका पाठात उत्तम समजते. मी तो काही वर्गांत घेतला आहे, म्हणून जरा सविस्तर देतो. साहित्य म्हणून खडू व फळा पुरे. पूर्वज्ञान बारा-तेराच्या पाढ्यांचे. दोन मुले पुढे बोलवावीत. एकाने राउटर व्हावे, दुसऱ्याने टॅबलेट. दोघांच्या कानात एकच गुप्त अंक सांगावा; समजा ७. आता वर्गास विचारावे, “टॅबलेटला गुप्त अंक ठाऊक आहे, हे राउटरला कसे कळेल?” मुले म्हणतात, “त्याने अंक सांगावा.” “मग सारा वर्ग ऐकेल की!” येथे मुले थांबतात. त्यांना थोडा वेळ थांबू द्यावे. घाईने उत्तर सांगू नये. नंतर राउटर झालेल्या मुलाने मोठ्याने एक संख्या उच्चारावी, समजा १२. टॅबलेट झालेल्या मुलाने मनात १२ ला गुप्त अंकाने गुणावे आणि गुणाकारातील केवळ एकम स्थानचा अंक सांगावा. बारा साते चौऱ्याऐंशी, तो म्हणेल, “चार.” राउटरनेही मनात तेच केलेले असते. जुळले, की प्रवेश. गुप्त अंक कोणीच उच्चारला नाही.

प्रत्यक्षातही तसेच घडते. पासवर्ड हवेतून पाठविला जात नाही. दोन्ही बाजू एकमेकींस नवनव्या यादृच्छिक संख्या देतात आणि पासवर्डाच्या साहाय्याने केलेल्या गणिताचे उत्तर तेवढे पाठवितात. ते गणित अर्थातच पुष्कळ कठीण असते.

आता पाठाचा दुसरा भाग, आणि खरे सार यातच आहे. वर्गास विचारावे, “बारा आणि चार हे तुम्ही ऐकले. गुप्त अंक ओळखा पाहू.” हुशार मुले एकेक अंक लावून पाहू लागतात. बारा दुणे चोवीस, म्हणजे २ असू शकेल. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे ७ ही असू शकेल. बाकीचा एकही अंक जमत नाही. मग राउटरने दुसऱ्यांदा १३ म्हणावे, टॅबलेट म्हणेल, “एक.” तेरा दुणे सव्वीस, २ बाद. तेरा साते एक्याण्णव! वर्ग एकदम ओरडतो. गुप्त अंक फुटला. का फुटला? कारण तो दहांतलाच एक होता आणि दहाही लावून पाहता आले. गुप्त संख्या चार अंकी असती तर दहा हजार प्रयत्न करावे लागले असते.

‘डब्ल्यू.पी.ए. २’मध्ये पासवर्ड किमान ८ व कमाल ६३ वर्णांचा असतो. केवळ आठ अंकांचा घेतला तर शक्यता दहा कोटी होतात. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते, यंत्रास ती अल्प आहे. हवेतील एक संवाद टिपून नेऊन ते घरी बसून सावकाश एकेक शब्द लावीत बसू शकते. स्वतःचा मोबाइल क्रमांक, गावाचे नाव व पिनकोड, मुलाचा जन्मदिनांक हे शब्द तर आरंभीच लावून पाहिले जातात. त्यापेक्षा परस्परांशी संबंध नसलेले चार साधे मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. विळा, कंदील, सोमवार, चिंच असे काही. लक्षात राहतात व लांबीही होते. (हेच चार शब्द मात्र कोणी घेऊ नयेत, ते आता या पुस्तिकेत छापले गेले आहेत.)

शेवटी, भेटीच्या वेळी लिहावयाच्या शेऱ्याविषयी. टॅबलेट जोडला जात नाही अशी तक्रार असेल तर केंद्रप्रमुखांकडे पाठविण्यापूर्वी शिक्षकांनी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. पडद्यावर कोणतीच जाळी दिसत नाहीत, की केवळ आपलेच दिसत नाही. पासवर्ड नाकारला जातो, की ‘इंटरनेट नाही’ असे येते. राउटरवर कोणत्या रंगाचे दिवे आहेत. टॅबलेटचा दिनांक काय आहे. आणि एकदा कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहून त्याचा परिणामही लिहावा. एवढी माहिती असल्याखेरीज ‘नादुरुस्त’ हा शब्द जडसंग्रह नोंदवहीत चढवू नये. माझ्याकडूनही तो आता चढविला जात नाही. त्या शाळेच्या शेरेबहीतील माझा जुना शेरा मी पुढच्या भेटीत स्वहस्ते खोडला, त्याखाली कारण लिहिले व दिनांकासह सही केली. गुरुजींनी ते पान गावकऱ्यांच्या सभेत वाचून दाखविल्याचे मला मागाहून कळले.